डावी बाही

चुणी उलटी होती.

सारिकानं चष्मा कपाळावर सरकवला, फोटो लांब धरला, मग चष्मा परत डोळ्यांवर घेऊन फोटो नाकाशी आणला, तरी चुणी उलटीच. माणसानं हात वर केला की बाहीच्या चुण्या काखेकडून खांद्याकडं पळतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पस्तीस वर्षांत कापडानंच शिकवलं होतं. फोटोतल्या बाईच्या उजव्या बाहीची चुणी शहाण्यासारखी खांद्याकडं गेली होती. डाव्या बाहीची मात्र कोपराच्या आतल्या खाचेत गोळा होऊन तिथंच ठाण मांडून बसली होती, आणि मनगटाची कड चार बोटं वर चढली होती. असं बसणारं कापड तिनं जन्मात एकाच माणसाच्या अंगावर बघितलं होतं. त्या माणसाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती, त्याला झुपकेदार मिशा होत्या, आणि तो तिचा आजोबा होता.

“जमेल ना, सारिकाताई?” राजेश्वरी विचारत होती. ही पुण्याची मुलगी, तिशीची, सिनेमाच्या कपड्यांचं बघायची. लोणावळ्याच्या तुंगार्लीत एका बंगल्याच्या गॅरेजात जुन्या पद्धतीनं पोलकी शिवणारी एक बाई आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एरवी त्या गॅरेजात शनिवारी मुंबईहून येणाऱ्या बंगलेवाल्यांचे पडदे, त्यांच्या कुत्र्यांच्या गाद्यांचे अभ्रे आणि शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवून व्हायचे. सिनेमा पहिल्यांदाच आला होता. तोही बोलक्या जमान्यातला मूकपटाच्या नटीवरचा सिनेमा. मिस केतकी. मुंबईच्या कंपनीत होती, दहा-बारा चित्रपट केले, सगळे जळाले नाहीतर विरघळले, आणि उरला तो हा एक फोटो. पवनेच्या डोहावरचा कातळ, कातळाच्या टोकाला पाठमोरी नऊवारीतली बाई, दोन्ही हात पाखरासारखे पसरलेले, तोंड पाण्याकडं. पुढच्या क्षणी ती उडी मारणार. राजेश्वरीनं पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं, केतकीचं चरित्र, आणि खुणेचं पान उघडून वाचलं. “बघा, काय सुंदर लिहिलंय. ‘डावा हात किंचित दुमडलेला, जणू काठावर राहिलेल्या प्रियकराचा ती निरोप घेत आहे.’ आमची हिरॉइन गेला महिनाभर तो हातच बसवतेय आरशासमोर. डायरेक्टर म्हणतात, सगळा सिनेमा त्या हातात आहे.”

प्रियकराचा निरोप घेणारा तो हात लहानपणी आंब्यावरून पडून मोडला होता आणि वरच्या वाडीतल्या कोंडूच्या बापानं बांबूच्या कामट्या लावून बांधला होता, तो कोपरात कायमचा वाकडा बसला. त्या हातानं भाकरीचा घास तोंडाशी नीट जायचा, पण खुंटीवरची टोपी काढायला उजवाच लागायचा. आठवीत असताना सारिकानं आजोबांसाठी, आबांसाठी, पहिली पैरण शिवली, आईच्या शेजारणीच्या मशीनवर, कुणाला न विचारता. डावी बाही सरळ बेतली. आबांनी घातली तेव्हा चुणी कोपरात बसली आणि कड वर चढली. तिला रडू आलं. आबा म्हणाले, “बाही झ्याक हाय, हातच चुकलाय.” मग तिनं ती उसवली आणि हाताचं माप दोन तुकड्यांत घेतलं, खांदा ते कोपर, कोपर ते मनगट, मधे वाकण ठेवून. शिवणकाम ती त्या दिवशी शिकली. बाकी सगळं नुसतं टाके घालणं.

“आणि ताई, तुम्ही मूळच्या उर्सेच्या ना?” राजेश्वरीचा आवाज एकदम लाडात आला. “मग हे बघा.” तिनं त्याच पानाच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात होतं, की उडीचे प्रत्यक्ष साक्षीदार, घोडा धरणारे श्रीपती रखमाजी, मु. उर्से, यांच्याशी बोलणे, मे १९८४. “लोक म्हणतात केतकीनं उडी मारलीच नाही, कंपनीनं दुसरंच कुणी उभं केलं असणार. पण हा माणूस तिथं होता. आमचा तर सगळा जीव या एका ओळीत आहे. सिनेमात तो पण आहे, घोडा धरलेला. तुमच्या गावात अजून असेल का त्यांचं कुणी?”

“असेल की,” सारिका म्हणाली. “कापड आणि फोटो ठेवून जा. गुरुवारी ट्रायल घेऊ.”

ती गेल्यावर सारिकानं गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि मशीनपाशी नुसती बसली. पायाला पायटा लागला तर तो हलकेच खालीवर केला, रिकामाच. सुई कापडाशिवाय टकटक करत राहिली. मे चौऱ्याऐंशी. ती बारा वर्षांची होती. पुण्याहून एक गृहस्थ आले होते, झब्बा-पायजमा, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत टेपरेकॉर्डर. गावातली निम्मी माणसं आबांचं बोलणं ऐकायला नव्हे, त्या फिती फिरताना बघायला ओसरीत जमली होती. ती चहाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. बशा थरथरत होत्या, कारण ताट मोठं आणि तिला आत जायची लाज. गृहस्थ म्हणाले, “श्रीपतराव, आता मुद्द्याचं. उडी कुणी मारली?” आबांनी मिशीवरून उजवा हात फिरवला. वर बघितलं. त्यांची नजर गर्दीवरून फिरली आणि उंबऱ्यात तिच्यावर येऊन थांबली. बराच वेळ थांबली. टेपची चाकं फिरत होती आणि त्यात नुसता श्वास भरला जात होता. मग आबा म्हणाले, “बाईनं. बाईनंच टाकली. मी घोडं धरलं हुतं.” आणि ती ताट घेऊन आत आली, आणि एकाही बशीत चहा सांडला नव्हता, म्हणून आईनं नंतर तिचं कौतुक केलं.

तिला ती गोष्ट काही नवी नव्हती. आबा ती सांगायचेच, तिला आणि तिच्या दोघी बहिणींना, भाताच्या खाचरातून परत येताना, डोहाच्या बाजूनं. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता, टोलनाका नव्हता. उर्से म्हणजे भाताचा वास, म्हशी, आणि संध्याकाळी डोहावरून येणारा गारवा, की ज्यात पाण्याचा, शेवाळाचा आणि कुजलेल्या उंबरांचा मिळून एक वास असायचा, जो तिला पुढं आयुष्यात कुठंच सापडला नाही. आबा कातळाकडं बोट करायचे. वाकड्या हाताचं बोट, म्हणून ते कातळाच्या जरा खालीच जायचं, पण पोरींना सवय होती. कंपनीची माणसं कशी आली, बैलगाडीतून पेटारे कसे उतरले, मिस केतकी कशी गोरी होती आणि उन्हानं कशी लाल व्हायची, छत्री धरायला एक माणूसच कसा वेगळा होता. मग उडी. “येवडाली बाई, ना कदी डोह बगितलेला, ना कदी कातळावं चढलेली. आन् टाकली की गं. तुमी नुस्त्या विहिरीत डोकवायला भित्या.” सारिका वाकून डोहात बघायची आणि तिच्या पोटात खड्डा पडायचा. तो खड्डा तिला आवडायचा.

आता तिनं फोटो परत हातात घेतला. कोपरातली चुणी. पण पाठ तर बाईची दिसत होती, काष्टा नीट बसवलेला, पदर कमरेला खोचलेला, अंबाडा. आणि हे सगळं बघता बघता तिला मागं एक दिवस आठवला, की ज्याला त्या वेळी सगळे हसले होते. रतनआजी आजारी होती, अंथरूण धरून पडलेली, आणि आई माहेरी गेलेली. आजीला लुगडं नेसवायला घरात बाई नव्हती. आबांनी कवाड ओढून घेतलं आणि आजीला नेसवून बाहेर आणलं. निऱ्या मोजून सारख्या, काष्टा मागं असा ताठ की शेजारच्या बाया बघत राहिल्या. गड्याला हे कसं येतं? आबा म्हणाले होते, “ज्याला घोडं बांदता येतंय, त्याला लुगडं नेसवायला काय जातंय?” सगळे हसले. आजी तेवढी हसली नव्हती. ती अंगणातल्या उन्हात बसून पदर सारखा करत राहिली होती.

आणि त्याहून वाईट आठवण पुढंच उभी होती. सारिकाला ती टाळता आली नाही. सत्त्याण्णव साल. तळेगावातलं सासर, कारखान्यात जाणारा नवरा, आणि “बाहेरच्या बायकांची मापं घेत बसतेस” म्हणून त्यानं माळ्यावर चढवून ठेवलेलं तिचं मशीन. एका दुपारी तिनं मशीन स्वतः उतरवलं, खालचा सांगाडा तिथंच सोडला, वरचं डोकं मांडीवर घेतलं, चार वर्षांची मुलगी बगलेत घेतली आणि टेम्पोत बसून उर्सेला आली. तीन दिवस ती ओसरीच्या पायरीवर बसून होती. चौथ्या दिवशी सासरची चार मोठी माणसं समजूत घालायला आली, आणि खरं सांगायचं तर तिची समजूत पटतही आली होती. वडील गप्प, आई रडत. तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आबा काठी टेकत तिच्याजवळ येऊन बसले आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल असं बोलले. “बाईचं पाय लटलटत हुतं, सारे. मागं कंपनीची मान्सं वरडत्यात, फुडं पानी. कुनालाबी वाटंल, पोरगी माघारी फिरंल. पर टाकली.” ती म्हणाली, “आणि मग, आबा?” आबांनी डोळे मिटले होते. “पान्यात गेलं की लुगडं वर येतं बग. डोळ्यांवं, तोंडावं. समदा आंधार. तवा मानूस हात मारतंय, आन् जितकं मारंल तितकं गुततंय. हात मारायचं न्हाईत. गप ऱ्हायाचं. मनात येक ते चार म्हनायचं. लुगडं आपून खाली बसतंय. मग उजेड दिसतो. जिकडं उजेड, तिकडं जायाचं.”

ती परत गेली नाही. त्या वर्षी लोक जे जे बोलले, त्यात तिनं हात मारले नाहीत. मनात चार म्हटलं, कधी चारशे म्हटलं. लुगडं हळूहळू खाली बसलं. पुढं लोणावळ्यात हे गॅरेज मिळालं, मुलगी शिकली, तिचं लग्न झालं, ती चिंचवडला गेली. आणि कुणी विचारलं की एवढं धाडस कुठून आणलंस, तर सारिका हसून म्हणायची, आमच्या गावच्या डोहात एका नटीनं उडी मारली होती, तिच्याकडून.

काठावर घोडं धरून उभ्या असलेल्या माणसाला लुगडं डोळ्यांवर आल्यावर होणारा अंधार कसा माहीत? सत्तावीस वर्षं हा एवढा साधा प्रश्न तिला पडला नव्हता. मोठी शिवणकाम करणारी. आत शिवण कुठली आणि वर पट्टी कुठली, हे बोटानं ओळखणारी.

तिचा पाय पायट्यावरून खाली आला. तिला वाटलं होतं तसा आबांचा अभिमान वगैरे काही दाटून आला नाही. आली ती एक विचित्र पोरकी भावना. म्हणजे बाईनं टाकलीच नव्हती. ज्या उडीच्या मागोमाग तिनं उडी टाकली, ती पुढची उडी तिथं नव्हतीच. उंच जिन्यावर अंधारात जसा एक पाय नसलेल्या पायरीवर पडावा, तसं झालं. जिना तर ती कधीचा चढून आली होती, पण पोटात खड्डा आत्ता पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लोकल धरली. रिकामीच असते त्या वेळी. समोर एक बाई पालेभाजीच्या जुड्या निवडत बसली होती, खिडकीबाहेर भाताची रोपं पिवळसर झाली होती. बेगडेवाडी स्टेशनवर कैलास स्कूटर घेऊन आला होता. कैलास तिचा थोरला चुलत भाऊ; टोलनाक्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं चहा-मिसळीचं हॉटेल आहे. भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत आबांचा एक फोटो, आणि त्याखाली, नवीनच, त्या चरित्राच्या पानाची मोठी झेरॉक्स, काचेत. श्रीपती रखमाजी या नावाखाली लाल रेघ.

“पिच्चरवाली मान्सं येऊन गेली ना,” कैलास म्हणाला. “आबाचं काम कुनीतरी चांगला गडी करतोय. घोडं बी पांढरं आनलंय. तवा काळं हुतं म्हनं, पर पांढरं उठून दिसतंय.”

तिनं पिशवीतून फोटोची नक्कल काढून टेबलावर ठेवली. “दादा, ह्या बाईचा डावा हात बघ.”

कैलासनं बघितलं. मिसळीच्या रश्शाचा हात पंच्याला पुसला आणि परत बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं. गल्ल्यामागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

“मिशी,” तो शेवटी म्हणाला.

“काय?”

“आजी चिडवायची, ठावं हाय का? की ह्या गड्यानं बाप जिता आसताना मिशी उतरवली. लगनाच्या आदी. घोड्याची गोचीड चिकाटली म्हनून उतरवली आसं आबा सांगायचं.” त्यानं आवाज खाली आणला. “आपल्यात बाप गेल्यावंच उतरवत्यात. आन् त्याच साली रखमाजी पंजोबा गेलं. गाव म्हनलं, पोरानं आदीच सुतक धरलं, बापाला खाल्लं. आबाला किती वरसं कुनी पंगतीला शेजारी घेत नव्हतं म्हनं. आता सांग, त्यात जर का मिशी लुगडं नेसायला उतरवली ह्ये कळलं असतं तर?”

एक मालट्रक लांब हॉर्न देत गेला. सारिकाला दिसत होता एकोणीस वर्षांचा, दाढी-मिशी नसलेला, वाकड्या हाताचा आबा, कातळाच्या टोकाशी. पाय लटलटत होते. मागं कंपनीची माणसं ओरडत होती.

“मग तू काय करनारेस?” कैलासनं विचारलं. “सांगनारेस त्यास्नी?”

“खरं आहे ते, दादा.”

“खरं! शंबर वरसं हुत आली. नटी न्हाई, आबा न्हाई, पिच्चर जळाला. डोहात बग जाऊन, जलपर्णीनं पानीच दिसत न्हाई, म्हनून ती मान्सं कुटल्या खाणीतल्या पान्यात उडी घेनारेत. डोहाचं काम खाण करनार, काळ्या घोड्याचं काम पांढरं करनार. आन् खरं पायजे तुला. आबाचं नाव एकाच बुकात एकाच वळीत आलंय, घोडं धरनारा म्हनून. त्ये बी पुसून टाक. मग म्या हितं भिताडाव काय लावू, लुगड्यातला फोटू?” तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “आन् येक सांगू? तुमाला पोरींना ती गोष्ट किती डाव सांगितली आसंल त्यानं?”

“रोजच सांगायचे.”

“मला कदी सांगितली? येकदाबी न्हाई. मी बुकातच वाचली.”

लोकलमध्ये परतताना ती हेच घोळवत राहिली. मुलांना नाही सांगितली. फक्त मुलींना. आणि त्या दिवशी ओसरीत, टेपसमोर, खरं सांगावं की नाही या विचारात आबा थांबले असतील. कंपनीनं घातलेली शपथ असेल, मिशी असेल, बापाचं मरण असेल. पण नजर आली ती ताट धरून उभ्या असलेल्या पोरीवर. पोरगी रोज डोहात वाकून बघायची. तिच्या समोरून त्या बाईला कसं उचलून न्यायचं? पुस्तकातली ओळ, डायरेक्टरांचा सगळा सिनेमा, पांढरं घोडं, हे सगळं बारा वर्षांच्या एका मुलीच्या ताटातला चहा सांडू नये म्हणून झालं होतं. किंवा नसेलही. आबांना विचारता येणार नव्हतं. कामशेतच्या पुढं तिला रडू आलं आणि समोरची एक दुसरीच भाजीवाली तिला म्हणाली, “कांदं हायत पाटीत. झोंबत्यात डोळ्यास्नी.” सारिकानं मान हलवली.

मग तिनं पोलकं शिवलं. दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. उजवी बाही राजेश्वरीनं दिलेल्या मापानं. डाव्या बाहीचं माप तिनं पाहिलंच नाही. खडूनं एकदाच रेघ मारली, खांदा ते कोपर, मग वाकण, मग कोपर ते मनगट. हाताला माहीत होती ती रेघ. मशीनच्या तेलाचा वास आणि सुती कापडाची खळ, आणि मधेच, कुठून कोण जाणे, उंबरांचा.

गुरुवारी हिरॉइन म्हणून जी मुलगी आली ती फोटोतल्यापेक्षा बारीक होती आणि फार थंडी वाजल्यासारखी खांदे आवळून उभी राहायची. चोवीस-पंचवीसची. राजेश्वरी बाहेर फोनवर कुणाशी तरी अंबाड्यावरून भांडत होती. मुलीनं पोलकं चढवलं. सारिका तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरली.

“काकू, ही बाही अडकतेय. हात सरळच होत नाही.”

सारिकानं मानेनंच सांगितलं की होणार नाही.

“राजेश्वरी म्हणाली तुम्ही त्याच गावच्या.” मुलगी आरशातून तिच्याकडं बघत होती. “मला सगळे सांगतायत, स्टंटमन आहे, विग घालेल, तुला कुणी ओळखणार नाही, उगाच हट्ट करू नकोस. पण मी म्हटलं, केतकीनं मारली तर मी मारणार. पंधरा दिवस पोहायला शिकले. खाली माणसं आहेत, पट्टे आहेत, सगळं आहे. तरी मला रोज स्वप्नात पाणी दिसतं.” ती थांबली. “तुम्ही खरं सांगा. तिनं मारली होती का? मारली असेल तर मी मारीन. नसेल तर माझी सुटका.”

टाचण्या तोंडात होत्या ते बरं होतं. सारिकाला आरशात दोन चेहरे दिसत होते, आणि तिला नीट कळलं की आबा त्या दिवशी एवढा वेळ का थांबले. हो म्हणायला एक क्षण लागला असता. आबांनी घोडं धरलं होतं, म्हटलं की झालं. पोर उडी मारील, कैलासच्या भिंतीवरची काच तशीच राहील. ती ओळ आता पाठच झाली होती. पण तिच्या बोटांखाली बाही होती, आणि बाही खोटी शिवलेली नव्हती.

तिनं एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

“नाही मारली,” ती म्हणाली. “माझ्या आजोबांनी मारली. मिशी उतरवून, तिचं लुगडं नेसून. हा हात त्यांचा आहे. वाकडा होता.”

मुलगी वळली. आधी तिला हसू आलं, मग ते मधेच थांबलं. तिनं आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. महिनाभर आरशासमोर घेतलेल्या निरोपाकडं. बाहेर राजेश्वरीचा आवाज चढला होता. सारिका वाट बघत होती, की आता ही पोलकं उतरवील, सुटका झाली म्हणेल, आणि मग आपल्याला वाईट वाटेल की बरं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

“म्हणजे,” मुलगी सावकाश म्हणाली, “तिथून कुठल्याच बाईनं अजून उडी मारलेली नाही?”

सारिकाचा हात खडूवर तसाच राहिला. तिनं हे असं उलटून बघितलंच नव्हतं. कापड उलटून बघायची सवय असलेल्या बाईनं.

“एकीनं मारलीय,” ती म्हणाली. “सत्त्याण्णव साली. पाणी नव्हतं, एवढंच. मशीन होतं मांडीवर.”

“कोण?”

“होती एक. पुढं कुणी नसताना मारली बिचारीनं. तिला वाटलं होतं, पुढं कुणीतरी आहे.”

मुलीनं, बहुतेक काहीतरी समजून, हळूच विचारलं, “मग काय झालं?”

“लुगडं डोळ्यांवर आलं. येतंच. सगळा अंधार होतो. तेव्हा हात मारायचे नाहीत, नाहीतर गुंतायला होतं. गप्प राहायचं, मनात चार म्हणायचं. ते आपोआप खाली बसतं.” सारिकानं टाचणी उचलली. “मारायची का नाही ते तू ठरव. नाही मारलीस तरी हे पोलकं तुझंच. आता हात वर कर बघू.”

मुलीनं दोन्ही हात वर केले. उजव्या बाहीची चुणी खांद्याकडं गेली. डावा हात कोपरात अडला, कड चार बोटं वर चढली, आणि चुणी कोपराच्या खाचेत येऊन बसली, उलटी. सारिका टाचणी घेऊन पुढं झाली, क्षणभर थांबली, आणि तिथं टाचणी न लावताच हात मागं घेतला.